हिवाळ्यात काश्मीर, मनाली, लेह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपायच्या आत हे प्रश्न यायला लागतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीपर्यंत येतच राहतात. विचारणारे बहुतेक पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, पणजीकडचे आणि बर्फ पहिल्यांदाच बघणारे असतात. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बर्फ बघायचाच आहे. नेमकं कधी जावं?

जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलां’, मग 20 दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे 10 दिवस ‘चिल्लई बच्चा’ असा थंडीचा हिशोब लावतात. नाताळात गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात, बर्फाचा मात्र भरवसा नसतो. थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 21 डिसेंबर 2024 ला श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला होता, नळ गोठले होते, आणि आकाश निरभ्र होतं. बर्फ पडायला पश्चिमी झंझावात यावा लागतो. तो भूमध्य समुद्राच्या बाजूने ओल घेऊन येतो आणि हिमालयाला धडकून ती रिकामी करतो. तो कधी येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं, महिनाभर आधी कुणालाच कळत नाही. त्यामुळे पॅकेजच्या जाहिरातीत ‘बर्फाची हमी’ दिसली, तर ती हमी कशाच्या जोरावर देताय, हे विचारून बघा.

2. आणि पोहोचल्यावर बर्फच नसला तर?

असं होतं. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याचा बराचसा काळ तपकिरी होते, स्कीइंगला आलेले लोक घोड्यावर फिरून परत जात होते. अशा वेळी वर चढावं. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर 3,900 मीटरच्या पुढे नेतो. मनालीत बर्फ नसला तरी अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-कोकसरला बहुधा मिळतो. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधी काढावं लागतं आणि वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात.

3. हवामानाचा अंदाज कुठे बघायचा? पिवळा, नारिंगी म्हणजे किती धोका?

भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर, शिमला आणि लेह केंद्रांचे अंदाज बघा. मोबाइलमधल्या हवामानाच्या चित्रावर जाऊ नका, ते बहुतेक वेळा खालच्या शहराचं असतं आणि तुम्ही जाणार असता दीड हजार मीटर वर. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हलू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ऑरेंज अलर्ट असतानाही लोक लोणावळ्याला जातातच. ती सवय इथे सोडावी. नारिंगी इशारा असलेल्या दिवशी डोंगरातला लांबचा पल्ला ठेवू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

हिमस्खलनाचे इशारे वेगळे असतात. ते संरक्षण संशोधन खात्याची चंदीगडची संस्था जिल्हावार, एक ते पाच पातळ्यांत देते आणि स्थानिक प्रशासन पुढे कळवतं. गंमत अशी की धोका बर्फ पडत असतानाच असतो असं नाही. पडून गेल्यावर लख्ख ऊन पडलं, फोटो काढायला सगळे बाहेर आले, की ताजा थर उतारावरून सुटतो.

4. पाच रात्री, सहा दिवसांत काश्मीर होतं ना?

मे महिन्यात होतं. हिवाळ्यात त्याच पाच रात्रींत एक ठिकाण कमी करा आणि शेवटचा अख्खा दिवस श्रीनगरमध्ये मोकळा ठेवा. लेहला जात असाल तर परतीच्या बाजूला दोन दिवस राखीव ठेवा. हा दिवस ‘वाया’ जातो म्हणून लोक कुरकुरतात, आणि पहिला घाव त्याच्यावरच घालतात. पण आमच्याकडे आलेल्या तक्रारी पाहिल्या तर बर्फाने नुकसान केलेले फार थोडे, घट्ट बांधलेल्या वेळापत्रकाने केलेलेच जास्त. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं म्हणून रविवारी संध्याकाळी निसरड्या रस्त्यावर गाडी काढायला लावणारे लोक असतात. परतल्यावर पहिल्याच दिवशी परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा घरचं लग्न असेल तर जानेवारीत जाऊच नका.

5. रेल्वेने जावं की विमानाने?

श्रीनगरला जायला आता रेल्वेचा पर्याय खरंच आहे. 7 जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. चिनाबवरचा 359 मीटर उंचीचा पूल याच मार्गावर आहे. या गाडीत पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून हीटर आणि चालकाच्या काचेला तापवण्याची सोय आहे. बर्फात विमानतळ बंद पडला तरी ही गाडी चालण्याची शक्यता बरीच. मुंबईहून स्वराज एक्सप्रेस थेट कटऱ्यापर्यंत जाते, पुण्याहून झेलम जम्मूपर्यंत. कटऱ्याला गाडी बदलावी लागते, तेव्हा मध्ये एक रात्र मुक्काम ठेवा. कारण उत्तरेतलं धुकं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या अलीकडे-पलीकडे गाड्या चार, सहा, कधी दहा-दहा तास रखडतात. दोन तासांच्या फरकाने पुढची गाडी पकडण्याचा बेत म्हणजे बेत नव्हेच.

विमानाने जाणार असाल तर सकाळचं विमान घ्या असं सरसकट सांगता येत नाही. दिल्लीत पहाटेचं धुकं, श्रीनगरमध्येही सकाळी दृश्यमानता कमी. श्रीनगरसाठी दुपारच्या आसपासचं बरं. लेहला मात्र दुपारी वारा उठतो म्हणून विमानं सकाळीच असतात, तिथे निवड नाही.

परतताना श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. इमारतीच्या बऱ्याच आधी, बाहेरच्या फाटकावर सगळ्यांना सामानासकट उतरवून तपासतात. तिथली रांग बर्फाच्या दिवशी फार लांबते.

6. धुक्यामुळे ट्रेन पाच तास उशिरा आहे. तिकिटाचे पैसे मिळतील?

तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण पैसे मिळतात. ई-तिकिटासाठी गाडी तुमच्या स्टेशनावरून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. गाडी निघून गेल्यावर भरला तर उपयोग नाही. पुण्याहून वेळेवर निघालेली गाडी वाटेत दिल्लीजवळ आठ तास रखडली, तर हा नियम लागू होत नाही. पुढची ट्रेन सुटली असेल तर दोन्ही तिकिटं बुक करतानाच एकमेकांना जोडलेली होती का, हे बघा. जोडलेली असतील तर दुसऱ्या गाडीचे पैसे मागता येतात.

7. विमान रद्द झालं तर कंपनी हॉटेल देते का?

बर्फ-धुक्यामुळे रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा. वर नुकसानभरपाई मात्र मिळत नाही, कारण हवामान कंपनीच्या हातातलं नाही. हॉटेलचा खर्चही हक्काने मागता येईलच असं नाही. म्हणून जवळ दोन रात्रींचा जास्तीचा खर्च ठेवा.

यातला खरा खड्डा वेगळाच आहे. श्रीनगर–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–पुणे दुसऱ्या कंपनीचं, अशी स्वस्तात जुळवलेली दोन वेगळी तिकिटं. पहिलं विमान अडकलं की दुसरं चुकतं आणि दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नुसते आला नाहीत. पैसे गेले. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. चारशे-पाचशे रुपये वाचवायला हिवाळ्यात तिकिटं तोडू नका.

8. कपड्यांचं काय? महाबळेश्वरला घालतो ते स्वेटर पुरेल?

वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पहिल्या पानावर फोटो येतो. तिकडे तेवढी थंडी म्हणजे दुपार. तेव्हा एका जाड स्वेटरच्या भरवशावर जाऊ नका, थर घाला. अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. चढताना, खेळताना गरम झालं की मधला थर काढायचा, घामाने भिजायचं नाही. थर्मलच्या आत सुती बनियन घालायची आपली सवय नडते. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तेच पुढे अंग गार करतं. जीन्स तर बॅगेतच राहू द्या. ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

पायांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. दोन जोड मोजे घालून बूट आवळला की रक्त खेळायचं थांबतं आणि पाय जास्त गार पडतात. एकच लोकरीचा जाड मोजा घाला, बोटं आत हलली पाहिजेत. हातमोजे दोन घ्या, आत पातळ आणि वर पाणी न शिरणारे, म्हणजे फोटो काढायला अख्खा हात उघडा करावा लागत नाही.

लांब कोट आणि गमबूट विकत घ्यायची गरज नाही. तंगमर्गला, सोलंगच्या वाटेवर, सोनमर्गला भाड्याने मिळतात. फक्त पैसे देण्याआधी बुटाच्या आत, पार बोटांच्या टोकापर्यंत हात घालून बघा. सकाळच्या गिऱ्हाइकाने त्यात बर्फ भरून परत केलेला असतो आणि अस्तर ओलं असतं. ओलं लागलं तर सरळ दुसरा जोड मागा. दुकानदार नाक मुरडतो, पण देतो.

एक बारीकशी गोष्ट : खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, ती दगड होते. ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला पेट्रोलियम जेली लावा. गॉगल मुलांनाही हवाच, ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

9. स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचंय. काय तयारी करू?

पहिलं म्हणजे डिझेल. आपल्याकडचं डिझेल कडक थंडीत गढूळ होतं, त्यातलं मेण सुटून फिल्टरमध्ये बसतं आणि सकाळी गाडी नुसती सेल्फ खाते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल आणलं. मनाली गावापर्यंत सहसा अडचण येत नाही. पण बोगद्यापलीकडे रात्र काढणार असाल तर खालच्या डिझेलने भरलेली टाकी घेऊन जाऊ नका, शक्य तितकी रिकामी करत जा आणि तिकडच्या पंपावर भरा. पेट्रोल गाडीला हा त्रास नाही.

दुसरं कूलंट. आपल्याकडे बरेच जण उन्हाळ्यात पाणी ओतून वेळ मारून नेतात. ते पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिनसुद्धा फुटतं. निघण्याआधी गॅरेजमध्ये जुनं काढून अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी असं भरून घ्या, ते उणे 30 च्या खालीही टिकतं. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी ठेवू नका.

तिसरं बॅटरी. कडक थंडीत तिची ताकद खूप उतरते. तीन वर्षं जुनी असेल तर बदलूनच निघा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवरचा बर्फ काढायला उकळतं पाणी ओतलंत तर काच तडकेल. टायरमधली हवाही थंडीने उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय, म्हणून वर पोहोचल्यावर हवा पुन्हा तपासा.

आणि इतकं सगळं करूनही बर्फावर चालवायचा सराव नसेल तर शेवटचा टप्पा स्थानिक गाडीने करा. वरंधा घाट पावसात चालवणाऱ्यालाही बर्फावर ब्रेक मारायचा मोह आवरत नाही.

10. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवतात ती चेन कुठल्या चाकांना लावायची? फोर बाय फोर असेल तर गरज नाही ना?

इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं. चेन टायरच्या मापाची हवी. माप टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, 195/65 आर 15 असं काहीतरी, ते दुकानदाराला दाखवा. घरी, कोरड्या अंगणात, एकदा लावून बघा. अंधारात बधिर बोटांनी पहिल्यांदा चेन लावणाऱ्याचे हाल बघवत नाहीत. चेनवर 30–40 च्या पुढे जायचं नाही आणि डांबर दिसलं की काढायची.

फोर बाय फोर गाडी निघते चांगली, थांबत मात्र इतरांइतकीच वाईट. उतारावर चारही चाकं घसरतात. गुलमर्गला तंगमर्गपासून वर जोरदार बर्फात फक्त चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. तो प्रवेशाचा नियम झाला, सुरक्षिततेची खात्री नव्हे.

11. अटल बोगदा तर बाराही महिने चालू असतो. मग पोलिस सोलंगलाच का अडवतात?

बोगदा आतून कोरडाच असतो, अडचण त्याच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची आहे. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला आणि 3,978 मीटरवरचा रोहतांग टळला. पण त्याचं दक्षिणेकडचं तोंडही 3,000 मीटरवर आहे. सोलंग ते धुंडी हा पट्टा हिमस्खलनाचा, आणि दुपारनंतर तिथे वितळलेलं पाणी पुन्हा गोठून रस्त्यावर काचेसारखा थर धरतं. तो डांबरासारखाच काळा दिसतो, म्हणून कळतच नाही. डिसेंबर 2024 मध्ये नाताळाच्या आधी याच पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी रात्रभर लोकांना खाली आणलं. तेव्हा अडवलं तर हुज्जत घालू नका. जाऊ दिलं तरी सिस्सूहून दुपारी दोनच्या आत परत फिरा.

12. जम्मू–श्रीनगर रस्ता आता बोगद्यांमुळे सोपा झाला म्हणतात. खरं का?

बराच. 2017 मध्ये चेनानी–नाश्री आणि 2021 मध्ये बनिहाल–काझीगुंड बोगदा झाला. मात्र या दोहोंमधला रामबन–बनिहालचा तुकडा अजून दरडी आणि दगड कोसळण्याचा आहे, आणि पाऊस-बर्फ झाला की तिथेच वाहतूक थांबते. वाहतूक पोलिस दर संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची स्थिती जाहीर करतात. ती बघूनच निघा. मुघल रोड आणि सिंथन टॉप हिवाळ्यात बंद असतात, नकाशाच्या अॅपने दाखवला तरी त्या वाटेला जाऊ नका.

सोनमर्गला 13 जानेवारी 2025 पासून झेड-मोड बोगद्यातून हिवाळ्यातही जाता येतं. तिथून पुढे लेहकडे जाणारा झोजिला घाट मात्र बंद होतो. 2025 मध्ये तो 32 दिवस बंद राहून 1 एप्रिलला उघडला, आणि हा बंद काळ आधीच्या वर्षांच्या मानाने फारच थोडा होता. एप्रिल 2025 नंतर सुरक्षेच्या कारणाने काही पर्यटनस्थळं बंद करून टप्प्याटप्प्याने उघडली आहेत, त्यामुळे जायच्या आठवड्यातली यादी हॉटेलवाल्याकडून विचारून घ्या.

13. बर्फात गाडी अडकली तर काय करायचं?

गाडी सोडून चालत निघू नका. उजेड असेल, वस्ती डोळ्यांना दिसत असेल आणि वाट पायाखालची असेल, तरच अपवाद. गाडी शोधायला सोपी असते, माणूस नाही.

मग लगेच खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने, थाळीने, कशानेही बाजूला करा. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांत 20 हून अधिक माणसं गेली, त्यातले काही या वायूने. म्हणून तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि दर वेळी आधी सायलेन्सर बघा. सगळे एकाच वेळी झोपू नका.

112 वर फोन करा. हिमाचलात जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 आहे. जवळचा मोठा खांब, पुलाचं नाव, किलोमीटरचा दगड यांपैकी काहीतरी सांगा. गाडीत आधीपासून काय असावं : एक फावडं, दोन ब्लँकेट, पाणी, विजेरी, ओढायची दोरी आणि खायचं (प्रश्न 17).

14. खोलीत गारठा असतो. शेगडी, बुखारी, गॅस गिझर वापरावं का?

प्रश्न 13 मधला वायू इथेही आहे, किंबहुना जास्त. बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या लोखंडी चुलीला, छपराबाहेर जाणारा पाइप असतो, तो जोडलेला आणि गच्च असेल तर चालेल. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, कांगडी म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, ते फेरनच्या (काश्मिरी सैल झग्याच्या) आत धरून बसायची गोष्ट आहे, पांघरुणात घेऊन झोपायची नाही. बाथरूमच्या आत लावलेला गॅस गिझर दिसला आणि खिडकी नसली तर खोली बदलून मागा. सगळ्यात बरं म्हणजे विजेवर तापणारी गादी. श्रीनगर-मनालीतली बरीच हॉटेलं देतात, बुक करतानाच विचारा, आणि वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो तेही.

या वायूने डोकं दुखतं, मळमळतं. उंची बाधली तरी हेच होतं, म्हणून घोळ होतो. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम धरलं आणि बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटलं, तर आधी वायूचाच संशय घ्या. बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइडचं छोटं यंत्र मिळतं, आम्ही ते बॅगेत टाकायला आग्रहाने सांगतो.

15. मोबाइल चालतो का?

बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या किमान दोघांचे नंबर, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आठ-दहा दिवस आधी पोस्टपेड करून घ्या. हिमाचलात प्रीपेडची अडचण नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत 40 टक्के बॅटरी दाखवणारा फोन एकदम मरतो. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. बर्फात टॉवर गेला की यूपीआयही जातं, रोख पैसे जवळ हवेत.

16. आई-बाबा सत्तरीचे आहेत, आणि दीड वर्षाचं बाळ आहे. न्यावं का?

श्रीनगर, पहलगाम, मनालीला जरूर न्या, गुलमर्गलाही. वयस्कर माणसांना सर्वात जास्त भीती पडण्याची. ताज्या बर्फावर फारसं कुणी पडत नाही, हॉटेलच्या दारातल्या सकाळच्या पायऱ्यांवर पडतात. बुटाला लावायचे रबरी काटे आणि एक काठी द्या. हृदयविकार असेल तर कडक थंडीत जिने चढणं, बर्फ उपसणं, घाईने चालणं टाळा, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. गोळ्या राखीव दिवसांसकट मोजा आणि इन्शुलिन गोठू देऊ नका, अंगाशी ठेवा. गोठलेलं इन्शुलिन पुन्हा वितळलं तरी फेकायचं.

कडेवरचं बाळ हलत नाही, त्यामुळे तुम्हाला चालून ऊब येते तेव्हा ते गारठत असतं. दर अर्ध्या तासाने त्याची पावलं आणि मान हाताने बघा. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर आई-बाबांनाही नेऊ नका आणि बाळालाही. लेहचं उत्तर वेगळं आहे, पुढे प्रश्न 18.

17. खायला काय न्यावं?

थंडीत शरीर जास्त इंधन जाळतं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, डिंकाचे किंवा मेथीचे लाडू. भडंग आणि चिवड्यापेक्षा हे बरं, कारण पाण्याशिवाय खाता येतं. मेतकूट नेलंत तर हॉटेलच्या गरम भातावर दुवा द्याल. पाणी प्यायची आठवण राहत नाही म्हणून थर्मासमध्ये सुंठ घातलेलं गरम पाणी ठेवा.

18. हिवाळ्यात लेहला जाण्यात काय अडचण आहे? सोबत ऑक्सिजनचा कॅन घेतला तर?

लेह 3,500 मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. विमानाने दोन तासांत तिथे उतरलात तर पहिले 48 तास खोलीतच काढायचे, उन्हाळा असो वा हिवाळा. हिवाळ्यातली वेगळी गोष्ट अशी की उंची बाधली तर उपाय खाली उतरण्याचा, आणि उतरायच्या रस्त्यांचाच भरवसा नसतो. मनालीची बाजू बंद, झोजिला कधी बंद होईल सांगता येत नाही (प्रश्न 12). तोही बंद असला तर उरतं सकाळचं विमान, तेही बर्फ पडला तर नाही. उन्हाळ्यात ज्याला नेऊ त्याला जानेवारीत नेऊच असं नाही, ते एवढ्यासाठी. बाळ, गरोदर बाई, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण यांना आम्ही हिवाळ्यात लेहला ‘नको’ असंच सांगतो.

कॅनमधला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, आणि तो विमानात नेऊ देत नाहीत. उंची बाधू नये म्हणून घेतात त्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला, चालताना झोक जाणं, बोलणं असंबद्ध होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात जा.

बरीच हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात. चालू असतात तिथे नळ कोरडे आणि पाणी बादलीने. त्याची तक्रार करून उपयोग नाही, पाइप रिकामे ठेवले नाहीत तर फुटतात.

19. बोटं पांढरी पडून बधिर झाली. चोळू का?

चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीजवळ किंवा हीटरवरही धरू नका, बधिर बोट भाजलेलं कळत नाही. ओले मोजे-हातमोजे काढा, बोटं काखेत धरा. खोलीत गेल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ठेवा. कोपर बुडवून बघा, बाळाच्या आंघोळीइतकं कोमट हवं. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून चार तास उघड्यावर जायचं असेल, तर आत्ता पूर्ण वितळवू नका. एकदा वितळून परत गोठलेलं बोट वाचवणं अवघड होतं. फोड आले, रंग काळसर झाला तर डॉक्टर.

20. थोडी रम घेतली तर थंडी जाते ना?

वाटते गेल्यासारखी. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, चेहरा गरम लागतो आणि आतली ऊब बाहेर जाते. मुक्कामी, उबदार खोलीत तुमची मर्जी. बाहेर निघायच्या आधी नको, आणि लेहला पहिले दोन दिवस अजिबात नको.

21. रस्ता बंद जाहीर झालाय, पण ड्रायव्हर म्हणतो, “निकल जाएंगे, साहब.” विश्वास ठेवावा?

त्याच्या हाताच्या कौशल्यावर ठेवा, या वाक्यावर नको. तो बहुतेक वेळा तुमच्या चेहऱ्यावरची घाई बघून ते बोलतो. दिवस बुडाला तर त्याची कमाईही बुडते. त्याला सरळ सांगा, “थांबलो तरी आजचे पैसे देणार.” मग पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर समजून जा. उलट प्रकारही होतो : रस्ता चालू, आकाश स्वच्छ, आणि ड्रायव्हरच नको म्हणतो. तिथे वाद घालू नका. वरच्या गावातून त्याला फोन आलेला असतो.

22. आमच्यामुळे नाही, बर्फामुळे जाता आलं नाही. तरी हॉटेल पैसे परत देत नाही.

बुकिंगच्या अटींत ‘रस्ता बंद’ असा शब्द असेल तरच हक्काने मागता येतात. पैसे भरण्याआधी लेखी विचारा : रस्ता किंवा विमान बंद झाल्यास तारीख बदलून मिळेल का, आणि जास्तीची रात्र कोणत्या दराने. पैसे परत द्यायला कुरकुरणारे हॉटेलवाले तारीख बदलायला सहसा राजी होतात. प्रवास विम्यात हवामानामुळे रद्द झालेला प्रवास धरलाय का, आणि स्कीइंग, स्नो-स्कूटर वगळलंय का, या दोन ओळी तेवढ्या वाचा. विमान रद्द झाल्याचा मेसेज आणि रस्ता बंदच्या सूचनेचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, दाव्याच्या वेळी कंपनी आधी तेच मागते.